डब्यातून ताटात

प्लॅस्टिकचा डबा अन्नासाठी योग्य आहे की नाही, हे प्रयोगशाळेत कसं ठरतं ते आधी पाहू. डब्याचा ठरावीक मापाचा तुकडा कापून घेतात आणि तो एका द्रवात बुडवून ठेवतात. हा द्रव खऱ्या पदार्थाच्या जागी उभा असतो. आंबट पदार्थांच्या जागी तीन टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे पातळ व्हिनेगरच. तेलकट-तुपकट पदार्थांच्या जागी हेप्टेनसारखं द्रावक. दीर्घकाळ साठवणीची चाचणी असेल तर तो तुकडा ४० अंश सेल्सिअसला दहा दिवस तसाच राहतो. मग तुकडा बाहेर काढतात, द्रव आटवतात आणि भांड्याच्या तळाशी जे उरतं त्याचं वजन करतात. भारतीय नियमांनुसार एका किलो अन्नामागे हे वजन ६० मिलिग्रॅमपर्यंत, किंवा डब्याच्या दर चौरस डेसिमीटर पृष्ठभागामागे १० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. युरोपातही प्लॅस्टिकसाठी मर्यादा १० मिलिग्रॅमचीच आहे.

तळाशी उरलेलं ते किती आहे हे तराजू सांगतो. ते काय आहे हे सांगत नाही. साठ मिलिग्रॅम मेण निघालं तर बहुधा कुणाचं काही बिघडणार नाही. त्याच्या लाखाव्या भागाइतकं दुसरं एखादं रसायन वर्षानुवर्षं रोज पोटात गेलं तर बिघडू शकतं. ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना आहे, ते या फरकाविषयी आहे. अन्नाला टेकणाऱ्या प्रत्येक वस्तूतून काही ना काही अन्नात उतरतं. त्यातलं काय चालवून घ्यायचं, हे कुणी, कशाच्या आधारावर आणि कधी ठरवायचं, हा प्रश्न लेखिकेने धरला आहे आणि शेवटपर्यंत सोडलेला नाही.

भांड्यातून अन्नात काहीतरी उतरतं, हे मराठी घराला नव्याने शिकवावं लागत नाही. पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं, चिंचेची आमटी त्यात ठेवायची नाही, लोणचं चिनी मातीच्या बरणीतच घालायचं, हे सगळं स्वयंपाकघरातलं रोजचं शहाणपण होतं. कल्हईवाला दारावर यायचा. भात्यावर भांडं तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा, कथलाची कांडी फिरवून चिंधीच्या बोळ्याने आतून सर्वत्र पसरवायचा. तो कथलाचा पातळ थर म्हणजे अन्न आणि पितळ यांच्यामधला पडदा. कायद्यालाही हे ठाऊक होतं. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनी नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं अन्न खाण्यास अयोग्य ठरवलं होतं.

पण कळकलेलं ताक जिभेला पहिल्या घोटात कळायचं. आजच्या वेष्टनातून जे उतरतं त्याला ना रंग, ना वास, ना चव. परिणाम झालाच तर वीस-तीस वर्षांनी होतो, आणि तेव्हा तो कोणत्या बाटलीमुळे, कोणत्या पुडीमुळे झाला हे सांगणं अशक्य असतं. म्हणूनच हा विषय गृहिणीच्या किंवा गिऱ्हाइकाच्या हुशारीवर सोडता येत नाही. जे जिभेला तपासता येत नाही ते सरकारनेच तपासायला हवं.

नेमकं काय उतरतं? प्लॅस्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. त्या इतक्या मोठ्या असतात की सहसा जागच्या हलत नाहीत. हलतात ते आजूबाजूचे लहान रेणू: साखळीत न जोडले गेलेले सुटे घटक, प्लॅस्टिक मऊ करायला घातलेली थॅलेट, ऊन-हवेने ते ठिसूळ होऊ नये म्हणून मिसळलेली द्रव्यं, पाण्याच्या बाटलीतल्या पीईटीत उत्प्रेरक म्हणून वापरलेलं अँटिमनी. शिवाय कुणीही मुद्दाम न घातलेली, माल तयार होता होता आपोआप निर्माण झालेली संयुगंही असतात. त्यांची पुष्कळदा उत्पादकालाही कल्पना नसते. अन्न गरम असेल, तेलकट असेल किंवा बराच काळ पडून राहिलं असेल, तर हे लहान रेणू जास्त प्रमाणात उतरतात. पुडी जितकी लहान, तितका दर घासामागे वेष्टनाचा पृष्ठभाग अधिक. मिसळीची उकळती तर्री पातळ पिशवीत ओतून वर रबर लावून पार्सल देतात, तेव्हा तेल आणि उष्णता या दोन्ही अटी एकदमच पुऱ्या होतात. प्लॅस्टिक नको म्हणून कागदाकडे वळावं, तर त्यालाही आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी कागदी कपात ८५ ते ९० अंशांचं १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटं ठेवलं, तर त्या अस्तरातून सुमारे २५,००० सूक्ष्म कण पाण्यात आल्याचं त्यांना आढळलं.

अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंत वापरल्या जाणाऱ्या किंवा सापडलेल्या रसायनांची संख्या १४,००० च्या वर आहे. झुरिचच्या ‘फूड पॅकेजिंग फोरम’च्या संशोधकांनी २०२४ मध्ये ही यादी आणि माणसाच्या रक्त, लघवी, आईचं दूध अशा नमुन्यांत सापडलेल्या रसायनांची नोंद शेजारी ठेवून पाहिली. ३,६०१ रसायनं दोन्हीकडे होती. ती सगळी अन्नाच्या वेष्टनातूनच आली असं नाही, आणि सगळी घातक आहेत असंही नाही. पण यातल्या कितींचा नीट अभ्यास झाला आहे, असं विचारलं तर उत्तर समाधान देणारं नाही.

या विषयाची सगळी गुंतागुंत एकाच रसायनाच्या गोष्टीत पाहता येते. बिस्फेनॉल ए म्हणजे बीपीए. १९३६ मध्ये लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी दाखवलं की हे संयुग शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. औषध म्हणून ते पुढे आलं नाही, त्याहून प्रबळ संयुगं मिळाली. १९५० च्या दशकात रसायन-अभियंत्यांना त्याचा वेगळाच उपयोग सापडला. त्यापासून काचेसारखं पारदर्शक आणि न फुटणारं पॉलिकार्बोनेट बनतं, आणि डबाबंद अन्नाच्या पत्र्याला आतून लावायचं इपॉक्सीचं अस्तरही बनतं. बाळाच्या दुधाच्या बाटल्या, पाण्याचे मोठे जार, टोमॅटोचे डबे, सगळीकडे ते पोचलं. म्हणजे आधुनिक कल्हईच्या पोटात एक संप्रेरकसदृश पदार्थ होता आणि हे सुमारे वीस वर्षं आधीपासून कागदोपत्री नोंदलेलं होतं.

१९९८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका प्रयोगशाळेत पॅट्रिशिया हंट उंदरांच्या अंडपेशींवर काम करत होत्या. ज्या उंदरांवर कसलाच प्रयोग केलेला नव्हता, त्यांच्याच अंडपेशींतली गुणसूत्रं अचानक मोठ्या प्रमाणात विस्कळीत दिसू लागली. शोध घेता घेता कारण पिंजऱ्यांपाशी सापडलं. पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून तीव्र अल्कलीयुक्त साबणाने धुतल्या गेल्या होत्या. प्लॅस्टिक झिजून त्यातून बीपीए पाझरत होतं. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे दबाव वाढला. कॅनडा, मग युरोपीय संघ, मग २०१२ मध्ये अमेरिका, असे एकेक करून देश बाळांच्या बाटल्यांतून बीपीए काढत गेले. फ्रान्सने २०१५ पासून ते अन्नाच्या सगळ्याच वेष्टनांतून हद्दपार केलं.

उद्योगांनी बीपीएच्या जागी बीपीएस आणि त्याची इतर भावंडं आणली, आणि बाटल्यांवर ‘बीपीए-मुक्त’ असं ठळक छापलं. २०१८ मध्ये हंट यांच्याच प्रयोगशाळेने पुन्हा एक निबंध प्रसिद्ध केला. पुन्हा पिंजरे झिजले होते, पुन्हा उंदरांच्या प्रजननपेशींत बिघाड दिसला होता. या वेळी पिंजरे बीपीएचे नव्हते, त्याच्या पर्यायांचे होते. एका रसायनावर बंदी घालायची, त्याची रचना थोडी बदलून दुसरं आणायचं, त्याचे दुष्परिणाम सिद्ध व्हायला आणखी वीस वर्षं द्यायची, या चक्रात नियामक कायम मागेच राहतो.

सुरक्षित मर्यादा किती, यावरही तज्ज्ञांचं एकमत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे चार मायक्रोग्रॅम, तीही तात्पुरती म्हणून, ठरवली होती. २०२३ मध्ये तीच ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी कमी केली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेला हा आकडा मान्य झाला नाही. तिने स्वतः काढलेली मर्यादा याच्या हजारपट आहे. पण ती जर्मन मर्यादासुद्धा २०१५ च्या मर्यादेपेक्षा वीस पट कडक आहे. तज्ज्ञ भांडतात म्हणून काहीच ठरत नाही, असा अर्थ काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: भांडणाची दिशा दोन्हीकडून एकच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने अन्नसंपर्कातल्या वस्तूंत बीपीए वापरण्यावर बंदीचा नियम केला आणि उद्योगांना बदलासाठी मुदत दिली.

पीएफएएस या रसायनांच्या कुळाने नियामकांना दुसरा धडा दिला. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध अतिशय घट्ट. म्हणून ही संयुगं तेलाला आणि पाण्याला दाद देत नाहीत; बर्गरचा कागद, पिझ्झाचा खोका, पॉपकॉर्नची पिशवी तेलकट होऊ नये म्हणून ती वापरली गेली. त्याच घट्ट बंधामुळे ती निसर्गात विघटित होत नाहीत आणि त्यांतली काही शरीरात वर्षानुवर्षं राहतात. त्यांतल्या पीएफओए या संयुगाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. या कुळात हजारो संयुगं आहेत. एकेक पकडत बसलं तर शतक पुरणार नाही, हे ओळखून डेन्मार्कने जुलै २०२० पासून अन्नाच्या कागदात आणि पुठ्ठ्यात अख्ख्या कुळालाच मज्जाव केला. अमेरिकेत तेलरोधक कागदासाठी या द्रव्यांची विक्री थांबल्याचं तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. ती उत्पादकांनी स्वतःहून थांबवली होती. युरोपीय संघाच्या नव्या वेष्टन-नियमांत ऑगस्ट २०२६ पासूनच्या मर्यादा आहेत: कुळातल्या कुठल्याही एका संयुगासाठी अब्जात २५ भाग, मोजता येणाऱ्या सगळ्यांची बेरीज अब्जात २५० भाग. विचार करण्याची ही पद्धत वेगळी आहे. इथे दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता कुळाच्या स्वभावावरून निर्णय घेतला आहे.

तरीही युरोपाचं सगळंच आदर्श आहे असं नाही. २००४ चा त्यांचा मूळ कायदा सांगतो की वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या घटकांनी माणसाच्या प्रकृतीला धोका होता कामा नये. तत्त्व उत्तम आहे. प्लॅस्टिकसाठी त्यांनी परवानगी असलेल्या द्रव्यांची यादीही केली. यादीत नाव नसेल तर ते सहसा वापरायचं नाही. पण छपाईची शाई, गोंद, कागद-पुठ्ठा यांच्यासाठी सबंध संघाला लागू होईल अशी यादी झालीच नाही. त्याची किंमत नोव्हेंबर २००५ मध्ये इटलीत दिसली. तिथे लहान मुलांचं सुमारे तीन कोटी लिटर दूध जप्त करावं लागलं, कारण त्यात आयटीएक्स नावाचं शाईतलं रसायन सापडलं होतं. शाई खोक्याच्या बाहेरच्या बाजूला होती, मग दुधात कशी आली? छापलेला पुठ्ठा गुंडाळून ठेवला की बाहेरची छापील बाजू पुढच्या थराच्या आतल्या बाजूला टेकते आणि शाईतलं रसायन तिथे उमटतं. त्याच पुठ्ठ्याचे खोके होतात आणि त्यात दूध भरलं जातं. त्या प्रमाणात आयटीएक्सचा फारसा धोका नाही, असं नंतर तज्ज्ञांनी सांगितलं. तरी बाळाच्या दुधात शाई उतरते आहे, हे दूध बाजारात गेल्यावर कळलं, ही गोष्ट उरतेच.

शाईचा विषय निघाला की वडापावची आठवण होणारच. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेला गरम, तेलकट वडा म्हणजे प्रयोगशाळेला हव्या त्या सगळ्या अटी, आणि मध्ये खोक्याची भिंतसुद्धा नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१६ मध्ये यावर सूचना काढली. २०१८ च्या वेष्टन-नियमांनी अन्न साठवायला आणि बांधायला वर्तमानपत्र वापरण्यावर सरळ बंदीच घातली. ते नियम १ जुलै २०१९ पासून लागू झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये प्राधिकरणाला पुन्हा लोकांना आणि विक्रेत्यांना तीच विनंती करावी लागली. नियम लागू होऊन चार वर्षांनी विनंती करावी लागते, यातच सारं आलं.

कागदावर मात्र हे २०१८ चे नियम दुबळे नाहीत. छापील बाजू अन्नाला टेकू नये, शाई भारतीय मानकाप्रमाणे असावी, थेट संपर्कातल्या वेष्टनाला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र असावं, बेरियम, कोबाल्ट, जस्त अशा धातूंच्या उतरण्याला ठरावीक मर्यादा असाव्यात, हे सगळं त्यात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने आणखी पुढचं पाऊल टाकणारा मसुदा प्रसिद्ध केला. अन्नसंपर्कातल्या वस्तूंत पीएफएएस वापरू नयेत, आणि पॉलिकार्बोनेट व इपॉक्सीपासून बनलेल्या वस्तू बीपीए आणि त्याच्या साधितांपासून मुक्त असाव्यात, असा त्याचा आशय आहे. म्हणजे भावंडांकडेही पाहण्याची तयारी दिसते. स्वागत करावं असंच हे आहे.

मात्र आपल्याकडचं खाणं दोन वाटांनी येतं. एक वाट कारखान्याची: तिथे परवाना आहे, तुकडीचा क्रमांक आहे, तपासता येईल असा कागद आहे. दुसरी वाट गाड्याची, खानावळीची, डब्याची, देवळाबाहेरच्या प्रसादाची. तिथली पिशवी कुठे बनली, कशापासून बनली, हे विक्रेत्यालाही माहीत नसतं. तो घाऊक बाजारातून किलोवर घेतो. नियम पहिल्या वाटेसाठी लिहिले जातात आणि गरिबाचं बरंचसं बाहेरचं खाणं दुसऱ्या वाटेने येतं. गाडीवाल्याला दंड करणं सोपं आहे, पण त्याने काय चूक केली? बाजारात जे उघडपणे विकायला ठेवलं आहे ते त्याने विकत घेतलं. पकडायचंच तर अन्नयोग्य नसलेला माल अन्नासाठी म्हणून विकणाऱ्याला पकडलं पाहिजे. पुस्तकातलं अंमलबजावणीवरचं प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते याच कारणाने.

वेष्टनाच्या बाजूनेही बोलायला हवं, आणि लेखिका ते प्रामाणिकपणे बोलते. पिशवीबंद दुधाने भेसळीला आणि नासण्याला किती आळा घातला, डबाबंद अन्नाने किती जंतुदोष टाळले, हे विसरून चालणार नाही. इपॉक्सीचं अस्तर काढलं आणि त्याहून चांगलं काही लावलं नाही, तर पत्रा गंजेल आणि त्यातले धातू अन्नात येतील. पर्याय महाग असेल तर तो भार अखेर गिऱ्हाइकावरच पडतो. पळसाच्या पत्रावळी आणि केळीची पानं चांगलीच. पण रोज लाखो डबे पोचवणाऱ्या शहराचा सगळा कारभार त्यांवर चालणार नाही. हे आक्षेप खरे आहेत. त्यांचं उत्तर एवढंच, की यांतला एकही आक्षेप ‘आधी वापरू, मग तपासू’ या पद्धतीचं समर्थन करत नाही. औषध बाजारात येण्याआधी ते सुरक्षित आहे हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. ज्या पदार्थाचा अंश आयुष्यभर, रोज, गर्भातल्या बाळासकट सगळ्यांच्या पोटात जाणार आहे, त्याला वेगळा न्याय का?

पुराव्याचा भार कुणावर, या प्रश्नाभोवतीच सगळं पुस्तक फिरतं. आज तो बव्हंशी खाणाऱ्यावर आहे: आधी त्याच्या शरीराने नुकसान सोसायचं, मग संशोधकाने ते मोजायचं, मग न्यायालयाने किंवा सरकारने जागं व्हायचं. लेखिकेचं म्हणणं असं, की हा क्रम उलटा करायला हवा. त्यासाठी तिने मांडलेल्या मागण्या अवघड नाहीत. वेष्टनात काय काय आहे ते उत्पादकाने नियामकाला पूर्ण सांगावं. एकेका नावाऐवजी रासायनिक कुळाने निर्णय व्हावेत. उतरलेल्या अंशाच्या नुसत्या वजनाऐवजी त्या सगळ्या मिश्रणाचा शरीरावर काय परिणाम होतो तेही तपासलं जावं. आणि तपासणीचे निकाल लोकांना वाचता येतील असे जाहीर व्हावेत.

पुस्तक वाचताना रसायनांच्या नावांना घाबरू नये. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. प्रत्येक नावापुढे ते कुठे सापडतं, कशाने जास्त उतरतं आणि त्याच्यावर आज कोणता नियम आहे, हे तीन प्रश्न विचारत गेलं तरी पुष्कळ हाती लागतं. शाळा-महाविद्यालयांच्या उपाहारगृह समित्या, अंगणवाडीचा आहार पाहणाऱ्या बायका, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, लहान खाद्यउद्योग चालवणारे बचतगट, यांच्या हातात ते पडावं असं मला वाटतं. ठोक खरेदी करणाऱ्याने पुरवठादाराकडे प्रमाणपत्र मागितलं तरी बाजाराला त्याची दखल घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट वाचकाच्या हातात आहे. अशा नियमांचा मसुदा निघतो तेव्हा प्राधिकरण हरकती आणि सूचना मागवतं, आणि त्या कुणीही नागरिक पाठवू शकतो. उद्योगांकडे त्यासाठी वकील आणि तज्ज्ञ असतात. मुदत किती द्यायची, सूट कुणाला, मर्यादा किती सैल, यावर ते सविस्तर लिहितात. खाणाऱ्यांच्या बाजूने आलेली पत्रं थोडी असतील तर अंतिम नियमात त्यांची बाजूही थोडीच असणार. हे पुस्तक मिटल्यावर पुढच्या मसुद्यावर एक पानभर, मुद्देसूद, मराठीत का होईना, पण हरकत नोंदवावी.